थप्पी

चार ओळींचा पट्टा. आंब्यामागून आंबा.
कॅमेऱ्याखाली एकेकाच्या वाट्याला चाळीस मिलिसेकंद.
तेवढ्यात मी सांगायचं असतं :
डाग आहे का, देठाशी चीक सुकलाय का,
पेटीत जाईल की रसाला.
माझ्या प्रोग्रॅमला तीनशे लागायचे.
एक बघून होईस्तोवर
सहा-सात न बघताच पुढे.

तुर्भ्याचा फळबाजार, रात्रीचे अडीच.
इदरीसभाई स्क्रीनकडे न बघता
आंबा घेत, अंगठा फिरवत, ठेवत.
"तुमचा संगणक फार विचार करतो, मॅडम."

विचार कुठला. मोजत होता.
वरच्या डाव्या कोपऱ्यापासून
एक ठिपका, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या,
जसा एखादा कारकून वीस लाख पावत्यांवर
एकटाच शिक्के मारत बसावा.

म्हणून महाप्याच्या ऑफिसातलं ग्राफिक्स कार्ड
टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने आणलं.
यात तीन हजार बिनडोक पोरं आहेत,
मी इदरीसभाईंना समजावलं,
अख्खा आंबा एकालाही माहीत नाही.
प्रत्येकाला एक ठिपका, एकच हुकूम :
तुझा रंग बघ, शेजाऱ्यांचा बघ, फरक सांग.
सगळे एकदम.

पहिल्या रात्री सगळे एकदमच बोलले.
डाग मोजायची वही एक, लिहिणारे तीन हजार.
एकानं चार वाचून पाच लिहिलं,
त्याच क्षणी दुसऱ्यानंही चार वाचून पाचच.
सडका आंबा निर्मळ ठरून पेटीत बसला.
तो मी ऐरोलीला घरी नेला.
आईनं काही न विचारता अर्धा कापून टाकला.

मग चित्राचे चौकोन पाडले.
चौकोनागणिक वही वेगळी, बेरीज शेवटी.
कडेच्या ठिपक्यांना
पलीकडच्या चौकोनाची एक ओळ उसनी दिली,
विरजणासारखी,
नाहीतर डाग नेमका शिवणीवर असला
की दोन्ही घरं म्हणतात, आमच्यात नाही.

आकडेमोड सहा मिलिसेकंदांवर आली.
आंबे तरी सुटतच होते.
दोन रात्री मी आकडेमोडच घासत बसले.

तिसऱ्या रात्री हौसेराव, माथाडी, जावळीकडचे,
मानेवरची चुंबळ काढून पाणी प्यायला टेकले.
"तुमच्या त्या पोरांना माल कोण पुरवतं?"
मी.
"एकेक पेटी?"

बघितलं तर खरंच.
एक चित्र उचल, या मेमरीतून त्या मेमरीत टाक,
रिकामी परत ये, दुसरं उचल.
तीन हजार पोरं दाराकडे तोंड करून उभी.

"थप्पी लावा की बाई.
आतली फुटतीय तोवर
दाराशी दुसरी तयार पायजे.
हमालाची ये-जा भावात कुणी धरत नाही,
पण उशीर तिथंच होतो."

आठ-आठ चित्रांची थप्पी लावली.
एक आत, एक दाराशी.
पट्ट्याच्या टोकाची झडप दोन मीटरवर,
तेवढा वेळ उधार मिळत होताच.
पहाटे पावणेपाचला
एका आंब्यामागे नऊ मिलिसेकंद.
एकही सुटला नाही.
मी टाळी वाजवली, एकटीनंच.

इदरीसभाईंनी पहिल्या प्रतीच्या पेटीतून
एक उचलला. नाकाशी नेला. अंगठा दाबला.
"साका."
चिरून दाखवला : कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत,
वरून सोन्यासारखा.
"हे कॅमेऱ्याला दिसायचं नाही.
तीन हजार लावा नाहीतर तीन लाख."
बोलण्यात जिंकल्यासारखं काही नव्हतं.
सुरी पुसून ते पुढच्या पेटीकडे वळले.

चाळिसातले नऊ गेले.
उरलेल्या एकतीसचं काय करायचं,
मला अजून सुचलेलं नाही.
देवगडचा ट्रक यायला अवकाश आहे.
बाहेर पालथ्या पेट्यांवर हौसेराव आणि आणखी चौघं,
चुंबळी मांडीवर, तंबाखू मळत.
आत पोरं तशीच उभी, हात रिकामे.
पट्ट्यावर कोयीएवढा उजेड पडलाय,
त्याचंही चित्र निघतं,
नऊ मिलिसेकंदांत निकाल येतो :
आंबा नाही.